डेटाबेस नेमका कोणता शिकायचा? मुंबईत आयटीत काम करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

नोकरीच्या एकाच जाहिरातीत ओरॅकल, पोस्टग्रेस, मोंगोडीबी, रेडिस, कॅसँड्रा आणि स्नोफ्लेक अशी रांग लागलेली असते. ती वाचून बरेच जण प्रत्येकाचा छोटा कोर्स करतात आणि बायोडेटात सहा नावं टाकतात. मुलाखतीत मात्र ‘ही क्वेरी हळू का चालते, कसं शोधाल?’ एवढं विचारलं की गाडी अडते, कारण त्याचं उत्तर सहापैकी एकाही कोर्समध्ये नसतं. आमचं मत स्पष्ट आहे: एक रिलेशनल डेटाबेस (एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत डेटा ठेवणारा) मुळापासून शिका, मग तुमच्या कामाच्या प्रकाराला लागणारा दुसरा एक शिका, आणि बाकीच्यांची फक्त ओळख ठेवा. त्यासाठीचा क्रम पुढे दिला आहे. आठवड्याला आठ तास मिळत असतील तर पायाला साधारण तीन महिने आणि दुसऱ्या डेटाबेसला दीड महिना धरा.

पहिली पायरी: जाहिराती वाचा, पण तक्त्यात उतरवून

तुम्हाला ज्या भागात आणि ज्या क्षेत्रात काम हवंय, तिथल्या तीस जाहिराती गोळा करा. एक्सेलमध्ये चार रकाने करा: कंपनी कोणत्या क्षेत्रातली, कोणता डेटाबेस ‘हवाच’ म्हटलाय, कोणता ‘असल्यास उत्तम’, आणि त्या डेटाबेसवर करायचं काय. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘डिझाइन’, ‘ट्यूनिंग’, ‘मायग्रेशन’, ‘सपोर्ट’ आणि ‘रिपोर्टिंग’ ही पाच वेगवेगळी कामं आहेत. एकच ओरॅकल प्रत्येकासाठी वेगळा शिकावा लागतो.

मुंबईचं चित्र यात पटकन दिसेल. बँका, विमा कंपन्या आणि ब्रोकर यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि डीबी२ च्या यंत्रणा आहेत. बीकेसी, लोअर परळ, ऐरोली, मालाड इथल्या बऱ्याच जागा त्याच सांभाळण्याच्या किंवा हलवण्याच्या असतात. अंधेरी-पवईच्या नव्या कंपन्यांत पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मोंगोडीबी आणि रेडिस जास्त दिसतील. अ‍ॅनालिस्टच्या जागांना एसक्यूएल आणि एखादं क्लाउड वेअरहाउस (विश्लेषणासाठीचा क्लाउडवरचा डेटासाठा) लागतं.

लोकप्रियतेच्या याद्यांवर निर्णय सोपवू नका. डीबी-एंजिन्स या संकेतस्थळाची क्रमवारी वेबवरचे उल्लेख, शोध, जाहिराती अशा खुणांवर ठरते. किती ठिकाणी तो डेटाबेस प्रत्यक्ष चालतोय, हे ती मोजत नाही.

दुसरी पायरी: पाया पोस्टग्रेसवर घाला

रिलेशनल मॉडेल ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलं आणि आजही बहुतेक पैशाचे व्यवहार त्यावरच चालतात. पोस्टग्रेस १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाला आणि १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने ओळखला जातो. तो मोफत आहे, लायसन्स मोकळं आहे, दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. शिवाय कॉक्रोचडीबी, युगाबाइटडीबी यांनी पोस्टग्रेसचीच भाषा उचलली आहे, त्यामुळे एकदा केलेली मेहनत पुढेही कामी येते. ऑफिसात आधीच मायएसक्यूएल असेल तर पाया त्यावर घातला तरी चालेल. फक्त आवृत्ती ८.० किंवा पुढची घ्या, कारण विंडो फंक्शन (शेजारच्या ओळी धरून गणित करणारी) आणि सीटीई (क्वेरीतल्या नाव दिलेल्या उप-क्वेरी) त्याआधी नव्हत्याच.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एसएसडीवर २० जीबी मोकळी जागा पुरते. सुरुवात टर्मिनलवरच्या पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या टूलने करा. चित्रमय टूल नंतर घ्या, कारण ते टूल आपल्या नावावर कोणती क्वेरी चालवतंय हे आधी कळायला हवं.

सरावाला तयार नमुना डेटाबेस घेऊ नका. मुंबईची लोकल घ्या. स्टेशन आणि मार्ग अशी दोन टेबलं केलीत की दादरलाच पहिली अडचण येते: दादर पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवर आहे, कुर्ला मध्य आणि हार्बरवर, अंधेरी पश्चिम आणि हार्बरवर. म्हणून स्टेशन-मार्ग असं तिसरं टेबल लागतं, आणि त्या मार्गावरचा स्टेशनचा क्रमांकही त्यातच बसतो. क्रमांक स्टेशनच्या टेबलात ठेवलात तर दादरचा क्रमांक कोणत्या मार्गाचा, हे सांगताच येणार नाही.

आता खरा प्रश्न. स्टेशनचं नावच प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) केलं तर काय बिघडतं? एल्फिन्स्टन रोडचं जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. नाव हीच की असेल तर त्या स्टेशनची सगळी तिकिटं, सगळे पास, सगळ्या नोंदी बदलाव्या लागतात. ‘ऑन अपडेट कॅस्केड’ लावलं असेल तर डेटाबेस ते स्वतः करेल, पण लाखो ओळी पुन्हा लिहिल्या जातील आणि तोवर त्या ओळींवर कुलूप राहील. वर २०१५ च्या तिकिटावरही प्रभादेवी छापलं जाईल, जे चूक आहे. योग्य मांडणी अशी: स्टेशनला एक अर्थहीन क्रमांक, आणि नावांचं वेगळं टेबल, ज्यात नाव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चाललं ते. एकाच स्टेशनला एकाच दिवशी दोन चालू नावं येऊ नयेत, यासाठी पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम) लावता येतो. त्याला बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन लागतं. हा एक कन्स्ट्रेंट स्वतः लावून आणि मुद्दाम मोडून पाहिलात, तर नियम अ‍ॅपच्या कोडात ठेवण्याऐवजी डेटाबेसमध्ये का ठेवायचे, हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग तिकिटांचं टेबल करा आणि जनरेट सीरिज हे फंक्शन वापरून एक कोटी ओळी भरा. तिकीट क्रमांक, चढायचं स्टेशन, उतरायचं स्टेशन, वेळ आणि भाडं एवढेच कॉलम असतील तर टेबल साधारण ६०० एमबीचं होतं. क्रमांकावरचा प्रायमरी की इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आणखी २०० एमबीच्या आसपास जागा घेतो. इंडेक्स फुकट नसतो, हे इथे आकड्यात दिसतं. आधी इंडेक्स ठेवून डेटा भरा, मग टेबल रिकामं करून इंडेक्स काढा, भरा आणि शेवटी इंडेक्स बांधा. दोन्ही वेळा घड्याळ लावा.

आता ‘मार्च महिन्यात दादरला किती तिकिटं गेली’ ही क्वेरी, ती कशी चालली याचा आराखडा दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझसह चालवा. पहिल्यांदा सीक्वेन्शियल स्कॅन दिसेल, म्हणजे सगळं टेबल वाचलं जातंय. स्टेशन आणि वेळ या क्रमाने जोड-इंडेक्स बांधा आणि पुन्हा पाहा. मग क्रम उलटा करून पाहा. बरोबरीची अट असलेला कॉलम आधी आणि पल्ल्याची अट असलेला नंतर, हा नियम का आहे ते दोन्ही आराखडे शेजारी ठेवले की कळतं. आराखड्यात सगळ्यात आधी अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतला फरक बघायचा. अंदाज शंभर आणि प्रत्यक्षात लाख असतील तर प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) चुकीचा रस्ता धरला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी अ‍ॅनालाइझ चालवून आकडेवारी ताजी करा आणि मगच इंडेक्सला हात लावा.

इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे कॉलमवर चढवलेलं फंक्शन. वेळेच्या कॉलममधून महिना काढून तो मार्चशी ताडलात तर साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी ‘१ मार्चपासून पुढे आणि १ एप्रिलच्या आत’ अशी अट लिहा. वेळ साठवताना टाइमझोनसहित प्रकारच घ्या. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. तारीख यूटीसीतच मोजलीत तर पहाटे चारच्या सुमाराच्या लोकलची तिकिटं आदल्या दिवसाच्या हिशोबात जातात. रोजची बेरीज जुळत नाही, पण महिन्याची जवळपास जुळते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

नलचा (‘किंमत माहीत नाही’ या खुणेचा) सापळाही आत्ताच ओलांडा. ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही आणि एररही येत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरण्याची सवय लावून घ्या.

ट्रान्झॅक्शन: दोन टर्मिनल उघडा

ट्रान्झॅक्शन म्हणजे एकतर पूर्ण होणारा किंवा अजिबात न होणारा बदलांचा गट. या भागाला पूर्ण दोन आठवडे द्या. मुंबईतल्या बँकिंग आणि ब्रोकिंगच्या कामाचा हाच गाभा आहे.

खात्यात १००० रुपये आहेत. दोन्ही टर्मिनलवर ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि शिल्लक वाचा. दोघांनाही १००० दिसतील. पहिल्यात ७०० काढले असं समजून शिल्लक ३०० लिहा. दुसऱ्यात ६०० काढले असं समजून ४०० लिहा. दुसरं टर्मिनल थांबून राहील, पहिल्याने कमिट केलं (बदल पक्का केला) की पुढे सरकेल आणि ४०० लिहून मोकळं होईल. खात्यातून १३०० गेले आणि तरी ४०० शिल्लक. कुठेही एरर नाही. पोस्टग्रेसच्या मूळच्या रीड कमिटेड पातळीवर (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायचे याची सेटिंग) हे असंच होतं.

आता तोच प्रयोग रिपीटेबल रीडवर करा. पोस्टग्रेस दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर देऊन थांबवतो. मायएसक्यूएलमध्ये मूळची पातळीच रिपीटेबल रीड आहे, पण तिथे हाच प्रकार मुकाट्याने पार पडतो. नाव सारखं, वागणूक वेगळी. पुस्तकातली व्याख्या पाठ करून हा फरक कळत नाही, म्हणून हा प्रयोग हातानेच करायचा.

उपाय दोन. वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळीला कुलूप लावा. किंवा आकडा बाहेर मोजूच नका: ‘शिल्लक उणे ६००, जर शिल्लक किमान ६०० असेल तर’ असं एकाच अपडेटमध्ये लिहा आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य आल्या तर पैसे अपुरे. सकाळी दहाला एसी तत्काळची खिडकी उघडली की शेवटच्या बर्थसाठी एकाच क्षणी अनेक जण धडकतात. तिथेही प्रश्न हाच असतो.

डेडलॉकही (दोघंही एकमेकांच्या कुलपासाठी अडून राहणं) मुद्दाम घडवा: एकीकडे अ कडून ब ला, दुसरीकडे ब कडून अ ला पैसे पाठवा. पोस्टग्रेस एक सेकंद वाट पाहून तपासतो आणि एकाला मारतो. नेहमी लहान क्रमांकाचं खातं आधी कुलूपबंद करायचं ठरवलं की हा डेडलॉक होत नाही.

शेवटी बॅकअप. पीजी डंपने बॅकअप घ्या, नव्या डेटाबेसमध्ये चढवा आणि ओळींची संख्या ताडा. पीजी डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते पीजी डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात. रात्री दोन वाजता रिस्टोअर करताना हे कळणं फार महागात पडतं.

तिसरी पायरी: दुसरा डेटाबेस तुमच्या रकान्यांतून निवडा

बँक, विमा किंवा सरकारी काम दिसत असेल तर ओरॅकल घ्या. ओरॅकलची मोफत आवृत्ती मिळते, मर्यादा २ सीपीयू थ्रेड, २ जीबी रॅम आणि १२ जीबी डेटा. शिकायला पुष्कळ. पोस्टग्रेस येत असेल तर फक्त फरकांवर वेळ घाला. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. तिथल्या डेट प्रकारात वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. ओरॅकलमध्ये टेबल बनवलं की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं, पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणंही रोलबॅक करता येतं, म्हणजे मागे घेता येतं. पॅकेज (प्रोसीजरांचा गठ्ठा) ही सोय पोस्टग्रेसमध्ये नाहीच, त्यामुळे ओरॅकलवरून हलवताना खरे आठवडे टेबलांत नाही, पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्या कोडभाषेत जातात. ज्याला हे फरक कोडात दाखवता येतात, त्याला मायग्रेशनच्या कामात मागणी असते.

मराठी नावं साठवणाऱ्यांनी एक फरक तर लक्षात ठेवलाच पाहिजे. ओरॅकलमध्ये व्हारकार-२ या मजकुराच्या प्रकाराची लांबी मूळ सेटिंगनुसार बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण मात्रा आणि हलन्त धरून ती १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. ३० लांबीच्या कॉलममध्ये हे नाव काठोकाठ बसतं. पुढे ‘राव’ जोडलं की ओआरए-१२८९९ ही एरर. कॉलम बनवताना लांबीपुढे ‘कार’ (CHAR) लिहिलं की मोजणी चिन्हांत होते. मायएसक्यूएलचा घोळ निराळा: तिथला जुना यूटीएफ-८ प्रकार तीन बाइटपर्यंतच जातो. मराठी नीट बसतं, म्हणून सगळे निर्धास्त राहतात, आणि ग्राहकाने इमोजी टाकला की एरर येते. नेहमी एमबी-४ वालाच (utf8mb4) घ्या.

रिपोर्टिंग आणि अ‍ॅनालिसिसकडे कल असेल तर डकडीबीने सुरुवात करा. सर्व्हर लागत नाही, फाइल थेट वाचतो आणि डेटा कॉलमनिहाय हाताळतो. सरावाला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची रोजची भावकॉपी (दिवसाच्या भावांची फाइल) घ्या. वर्षाच्या साधारण २५० फाइली एका फोल्डरमध्ये टाका, एकत्र वाचा, पार्के (कॉलमनिहाय साठवणाऱ्या) फाइलमध्ये साठवा आणि २० दिवसांची सरासरी विंडो फंक्शनने काढा. दोन ठिकाणी अडखळाल. शेअर स्प्लिट झाला की भाव एका दिवसात निम्मा दिसतो, तो तोटा नसतो. आणि जुलै २०२४ मध्ये भावकॉपीचा साचा बदलला, कॉलमची नावं वेगळी झाली. दोन्ही साचे एका टेबलात आणणं हेच डेटा इंजिनिअरचं रोजचं काम आहे. त्यानंतर बिगक्वेरी किंवा स्नोफ्लेक. बिगक्वेरीत दर महिन्याला पहिला १ टीबी वाचन फुकट असतं, पण नेहमीच्या टेबलावर लिमिट लावून बिल कमी होत नाही. मागितलेले कॉलम पूर्ण वाचले जातात, म्हणून हवे तेवढेच कॉलम मागा.

अ‍ॅपच्या बॅकएंडला दुसरा म्हणून रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा) किंवा त्याचाच फाटा व्हॅल्की पुरेसा आहे, आठवडाभरात हातात बसतो. ओटीपी पाच मिनिटांनी आपोआप पुसला जाणं, भाव काही सेकंद कॅशमध्ये राहणं, ही त्याची कामं. दोन गोष्टी तपासा: मेमरी भरली की मूळ सेटिंगमध्ये जुनं काढलं जात नाही, नवं लिहिणंच नाकारलं जातं. आणि चालू सर्व्हरवर सगळ्या की (नोंदींची नावं) मागणारी कमांड कधीही देऊ नका, ती संपेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात. त्यासाठी स्कॅन ही कमांड आहे.

मोंगोडीबी जाहिरातींत वारंवार येत असेल तरच घ्या. एका डॉक्युमेंटची (तिथल्या एका नोंदीची) मर्यादा १६ एमबी आहे आणि ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्ये त्याचे सगळे व्यवहार कोंबत राहिलं की एक दिवस ती गाठली जाते. थोडा मोकळ्या साच्याचा डेटा असेल तर पोस्टग्रेसचा जेसनबी प्रकार बहुतेक वेळा भागवतो.

डायनॅमोडीबी आणि कॅसँड्रात टेबल क्वेरी पाहून आखायचं असतं. आजची तारीख पार्टिशन की (डेटा कोणत्या तुकड्यात जाईल ते ठरवणारा कॉलम) केली की दिवसभराचा सगळा भार एकाच पार्टिशनवर पडतो. डायनॅमोमध्ये एका पार्टिशनची सेकंदाला १००० राइट युनिटची मर्यादा आहे, त्यापुढे विनंत्या नाकारल्या जातात. तारखेला खाते क्रमांक जोडला की भार पसरतो, पण मग ‘आजचे सगळे व्यवहार’ ही क्वेरी सोपी राहत नाही.

ग्राफ डेटाबेस आणि वेगळे व्हेक्टर डेटाबेस आत्ता सोडा. रिकर्सिव्ह सीटीई आणि पीजीव्हेक्टर एक्स्टेन्शन दोन्ही पोस्टग्रेसमध्ये मिळतात आणि शिकायला पुरतात.

चौथी पायरी: क्लाउडवर मुंबई रीजन निवडून सराव

रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. म्हणून पेमेंटच्या प्रत्येक प्रकल्पात सर्व्हर कुठे, रेप्लिका (चालू प्रत) कुठे आणि बॅकअपची प्रत कुठे जाते, हे तीन प्रश्न विचारले जातातच. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं. सरावाचा सर्व्हर मुंबई रीजनमध्ये उभा करा आणि तोच एकदा सिंगापूरला. मुंबई-सिंगापूर फेरीला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. लूपमध्ये शंभर छोट्या क्वेरी पाठवणारं पान तिथे सहा सेकंद घेईल, एका जॉइनमध्ये तेच काम एका फेरीत होईल. सराव झाला की सर्व्हर बंद करा आणि खर्चाचा अलर्ट आधीच लावून ठेवा.

नवं नाव कानावर आलं की

तीन गोष्टी तपासायला एक संध्याकाळ पुरते. पहिली, लायसन्स आणि त्याचा इतिहास. मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदललं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बदललं, त्यातून व्हॅल्की जन्माला आला, आणि २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक ओपन सोर्स पर्याय दिला. दुसरी, जेप्सेन या चाचणी प्रकल्पाने त्याची चाचणी घेतली आहे का आणि त्यात काय सापडलं. तिथे सर्व्हरांमधलं नेटवर्क मुद्दाम तोडून डेटाबेस आपला शब्द पाळतो का ते बघतात. तिसरी, त्याच्या मार्गदर्शिकेतलं मर्यादांचं पान. ओळीचा कमाल आकार, ट्रान्झॅक्शनची व्याप्ती, बॅकअपची पद्धत तिथे स्पष्ट लिहिलेली नसेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा डोकवा आणि तोवर पोस्टग्रेसचं पुढचं प्रकरण उघडा: व्हॅक्यूम, रेप्लिकेशन, कनेक्शन पूलिंग. शंभर कनेक्शनची मूळ मर्यादा अ‍ॅप वाढलं की लवकरच संपते, आणि प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस लागत असल्याने ती नुसती वाढवत नेणं परवडत नाही. तिथे पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून वापरणारं टूल) लावायला शिका.